डर्बीशायरमध्ये अर्धं, कलकत्त्यात पुरं



ज्या सरांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान ठेवलं जातं, ते स्थापत्याचा इतिहास शिकवताना इमारतीचं चित्र आधी दाखवत नसत. आधी फळ्यावर आराखडा काढत आणि वर्गाला विचारत: पाहुणा कुठून शिरतो? मालक कुठे झोपतो? आणि वाढप्याला ताट घेऊन किती चालावं लागतं? एवढं कळलं की मग खांब, कमानी, नक्षी यांच्याकडे वळायचं. आज एका इंग्रजी घराकडे मी तुम्हाला याच रीतीने नेणार आहे. घराचं नाव केडलस्टन हॉल. इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर परगणा आहे. तिथल्या डर्बी शहराच्या वायव्येला साधारण चार मैलांवर हे घर उभं आहे. 1759 च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. आराखड्यात मधली मोठी इमारत आणि चार कोपऱ्यांना चार छोट्या इमारती होत्या. छोट्या इमारतींपैकी दोनच बांधल्या गेल्या. राहिलेल्या दोन कधीच उभ्या राहिल्या नाहीत, निदान डर्बीशायरमध्ये तरी नाहीत. चारही कोपरे पुरे झाले ते चाळीस वर्षांनी, कलकत्त्यात. घराचा आराखडा असा प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जातं, आणि पोचेपर्यंत त्याचा अर्थ किती बदलतो, हा माझा आजचा विषय आहे.

आधी काळाबद्दल थोडं. 1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, म्हणून या काळातल्या इमारतींना जॉर्जियन म्हणतात. या शैलीचं मूळ मात्र इटलीत आहे. आंद्रेआ पॅलाडिओ या वास्तुकाराने 1570 मध्ये स्थापत्यावरचे आपले चार ग्रंथ छापले. प्राचीन रोमच्या इमारतींची मापं, खांबांची प्रमाणं आणि स्वतः बांधलेल्या घरांचे आराखडे, सगळं त्याने त्यात मांडलं होतं. दीडशे वर्षांनी इंग्रज जमीनदारांनी ते ग्रंथ जवळजवळ पोथीसारखे स्वीकारले. 1715 पासून कॉलिन कॅम्पबेलचे ‘विट्रुव्हिअस ब्रिटानिकस’चे खंड निघू लागले. मोठमोठे सुबक आराखडे त्यात छापलेले असत, आणि एका परगण्यातलं घर दुसऱ्या परगण्यातल्या जमीनदाराला टेबलावर उघडून पाहता येई. आराखडा छापला जाऊ लागला तेव्हाच तो प्रवास करू लागला. पुढच्या गोष्टीत याला फार महत्त्व आहे.

अशा घराला इंग्रजीत ‘कंट्री हाउस’ म्हणत असले तरी ते शेतावरचं घर नव्हे. हजारो एकरांच्या जहागिरीची ती राजधानी असे. जमिनीच्या खंडावर ते पोसलं जाई, आणि परगण्यातून पार्लमेंटवर कोण जायचं हे ठरवण्याचं वजन त्या खंडातूनच येई. डर्बीशायरमध्ये तेव्हा व्हिग पक्षाचे कॅव्हेंडिश, म्हणजे डेव्हनशायरचे ड्यूक, सर्वांत बलाढ्य होते. त्यांचा चॅट्सवर्थ हा वाडा इंग्लंडभर गाजलेला. कर्झन घराणं टोरी. केडलस्टनच्या जमिनीवर ते बाराव्या शतकापासून नांदत होतं, पण त्यांच्याजवळ चॅट्सवर्थसारखं काही नव्हतं. 1758 मध्ये नॅथॅनिएल कर्झनच्या हाती वारसा आला. तेव्हा तो तिशीत होता. चित्रं आणि शिल्पं जमवण्याचा त्याला नाद होता, आणि परगण्यात आपलं घर दुसऱ्या क्रमांकाचं राहावं हे त्याला मान्य नव्हतं.

जागेवर विटांचं एक चांगलं घर होतं, जेमतेम अर्ध्या शतकापूर्वीचं. ते पाडलं गेलं. घराच्या अंगाला लागून केडलस्टन गाव होतं. ते उठवून दूर वसवलं. गावातून जाणारा सार्वजनिक रस्ता लांबून वळवला. जुन्या बागेतल्या सरळ रेषा पुसून टाकल्या आणि ओढा अडवून तळ्यांची रांग केली. नव्या घराच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर फक्त गवताचे उतार, झाडांचे समूह, पाणी आणि तीन कमानींचा पूल दिसावा, माणसाची वस्ती दिसू नये, अशी ती योजना होती. एकच गोष्ट हलवता आली नाही, ती म्हणजे मध्ययुगीन चर्च. कर्झनांच्या पिढ्या त्यात पुरलेल्या होत्या. ते आजही घराला अगदी खेटून उभं आहे. ज्या गावासाठी ते बांधलं ते गाव तिथे नाही. जॉर्जियन उद्यानांच्या नैसर्गिक सौंदर्याचं कौतुक आपण जरूर करावं, मला ती मनापासून आवडतात. पण तो मोकळा देखावा रस्ते हटवून आणि माणसं उठवून तयार केलेला असतो हे विसरून त्यांच्याकडे बघता येत नाही.

कर्झनने वास्तुकार बदलले, तेही भराभर. पहिला मॅथ्यू ब्रेटिंगहॅम. नॉरफोकमधल्या होकम हॉलचं काम त्याने पाहिलेलं होतं, आणि होकमलाही चार कोपऱ्यांना चार इमारती आहेत. त्याने ईशान्येची छोटी इमारत सुरू केली. मग जेम्स पेन आला. त्याने वायव्येची इमारत आणि मधल्या मुख्य भागाची आखणी केली. दरम्यान रॉबर्ट अ‍ॅडम नावाचा तरुण स्कॉटिश वास्तुकार इटलीहून परतला होता. रोमचे अवशेष त्याने पाहिले होतेच. शिवाय एड्रियाटिक किनाऱ्यावर स्प्लिट इथे जाऊन सम्राट डायोक्लीशियनच्या राजवाड्याची मापं घेतली होती. कर्झनने सुरुवातीला त्याला उद्यानातल्या छोट्या इमारतींचं काम दिलं. अ‍ॅडमची चित्रं पाहून कर्झन इतका भारावला की 1760 मध्ये सगळं घरच त्याच्या हाती सोपवलं. पेन बाजूला झाला. कामावर देखरेख सॅम्युअल वायट या तरुण सुताराची होती, जो पुढे स्वतः नामवंत वास्तुकार झाला. हे वायट आडनाव ध्यानात ठेवा.

आता आराखडा. पॅलाडिओच्या ग्रंथात व्हिला मोचेनिगो नावाचं एक घर आहे. ते चित्रात आहे तसं कधी बांधलं गेलंच नाही. मध्ये चौकोनी धड, आणि त्याच्या चार कोपऱ्यांतून चार वळणदार मार्ग निघून चार छोट्या इमारतींना जाऊन मिळतात. कासव पाय पसरून बसलंय असं ते चित्र दिसतं. केडलस्टनचा आराखडा यावरून घेतला. ईशान्येची इमारत कुटुंबाच्या राहण्याची, वायव्येची स्वयंपाकघराची, आणि दक्षिणेकडे दोन, त्यांतली एक संगीतासाठी. मग प्रश्न येतो, मधल्या अवाढव्य भागात कोण राहतं? खरं म्हणजे कोणीच नाही. तिथे दिवाणखाने आहेत, ग्रंथालय आहे, भोजनाची खोली आहे. सरदार पाहुण्यासाठी शयनगृह आहे, त्यातल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडांच्या आकारात कोरलेले. मालक, त्याची बायको आणि मुलं मात्र कोपऱ्यातल्या साध्या इमारतीत राहत. घराचा सगळ्यांत भव्य भाग इतरांनी पाहण्यासाठी होता.

तो पाहायला निघू या. उत्तरेकडून गाडी येते. दोन्ही बाजूंना छोट्या इमारती, मध्ये सहा उंच कॉरिंथियन खांबांचा पोर्टिको. दुहेरी पायऱ्या चढून आपण मुख्य मजल्यावर येतो. दार उघडतं, आणि समोर येतो तो मार्बल हॉल. सदुसष्ट फूट लांब, बेचाळीस फूट रुंद, चाळीस फूट उंच. कडेने वीस खांब, प्रत्येक पंचवीस फुटांचा. ते संगमरवराचे नाहीत, शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या खाणीतल्या अलाबास्टरचे आहेत. फिकट हिरवट, गुलाबी, तपकिरी शिरा त्यातून इतक्या मोकळेपणाने धावतात की दगड पातळ वाटावा. खांब उभे केल्यानंतर काही वर्षांनी त्यांच्यावर उभ्या पन्हळी कोरल्या गेल्या. दगड असा मिश्र रंगाचा असताना पन्हळी पाडायला नको होत्या असं मला वाटतं. रंग आणि रेघा एकमेकांशी भांडतात. पण या दालनाची खरी करामत प्रकाशात आहे. इथे भिंतींना खिडक्या नाहीत. प्रकाश छतातल्या काचेतून खाली येतो, उघड्या आकाशाखालच्या रोमन घराच्या अंगणात यावा तसा. डर्बीशायरच्या ढगाळ दुपारी हा प्रकाश राखाडी असतो, आणि त्यात खांबांचे रंग खोल होत जातात. बाहेरच्या हिरवळीतून आलेला माणूस पन्नास पावलांत दीड हजार वर्षं मागे जातो. अ‍ॅडमला हेच साधायचं होतं.

हॉलच्या मागे सलून आहे. बेचाळीस फूट व्यासाचं वर्तुळ, आणि डोक्यावर घुमट, ज्याच्या शेंड्याला असलेली काच जमिनीपासून बासष्ट फुटांवर आहे. रोमच्या पँथिऑनची ही आठवण. भिंत गोल असल्यामुळे दारंही गोलाईत घडवलेली आहेत. बंद केली की भिंतीचा वळसा कुठे तुटत नाही. सुतारकामाचं ज्याला थोडंही ज्ञान आहे त्याने या दारांपुढे थांबावं. वाकदार चौकटीत वाकदार फळी बसवून ती वर्षानुवर्षं न अडकता उघडती-मिटती ठेवणं सोपं नाही. भिंतीतल्या कोनाड्यांत रोमन वेदीसारखे दिसणारे चौथरे आहेत. त्या बिडाच्या शेगड्या आहेत. थंडी होतीच, पण ती आहे हे दिसू द्यायचं नव्हतं.

पेनच्या मूळ आराखड्यात हॉल आणि गोल दालन यांच्या मध्ये मोठा जिना होता. अ‍ॅडमने तो तिथून काढला आणि दोन दालनं एकमेकांना भिडवली. आधी लांबट, खांबांची, काहीशी सावळी जागा, आणि लगेच गोल, उंच, उजळ. स्प्लिटला डायोक्लीशियनच्या राजवाड्यात त्याने हा क्रम पाहिला होता. कागदावर ही दुरुस्ती लहान दिसते. प्रत्यक्षात तिने घराचा प्राण बदलला.

सलूनमधून बाहेर पडून दक्षिणेकडून मागे वळून पाहिलं तर आणखी एक धाडस दिसतं. अ‍ॅडमने या बाजूला रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान घेतली आणि घराचा दर्शनी भाग केला. भिंतीपासून सुटे उभे चार खांब, त्यांच्यावर पुतळे, वर घुमटाची कडा, खाली दोन बाजूंनी वळत उतरणारा जिना. इमारतीत पुढे येणं आणि मागे जाणं, चढणं आणि उतरणं असावं, जसं निसर्गात टेकड्या आणि दऱ्या असतात, असं अ‍ॅडम बंधूंनी पुढे लिहिलं. गती हा त्यांचा आवडता शब्द. या दक्षिणमुखासमोर उभं राहिलं की तो शब्द कशासाठी होता ते कळतं. वर लॅटिनमध्ये कोरलं आहे की बॅरन स्कार्सडेलने 1765 साली हे मित्रांसाठी आणि स्वतःसाठी बांधलं. कर्झनला 1761 मध्ये बॅरन ही पदवी मिळाली होती.

‘मित्रांसाठी’ हे शब्द त्याने बऱ्याच अंशी पाळले. घर पाहायला येणाऱ्या अनोळखी माणसांनाही प्रवेश होता. जवळच पाहुण्यांच्या मुक्कामासाठी खानावळ बांधली होती, चित्रांची आणि पुतळ्यांची यादी छापली होती. मिसेस गार्नेट ही घराची व्यवस्थापिका ती यादी हातात घेऊन दालनं दाखवत असे. यादी हातात असलेलं तिचं चित्रही आज त्या घरात आहे. नोकरवर्गातल्या बाईचं मोठं तैलचित्र त्या काळात फार क्वचित काढलं जाई, म्हणून मला त्याची किंमत वाटते. चित्रं कोणाची, पुतळे कोणाचे, हे पाहुण्यांना सांगणारा आवाज कित्येक वर्षं तिचा होता.

1777 च्या सप्टेंबरात कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉसवेल तिथे आले. बॉसवेल हरखून गेला. जॉन्सनला घर पसंत पडलं नाही. एवढ्या पैशात एवढीच सोय, असा त्याचा सूर होता. हे नगरसभागृह म्हणून छान चालेल, असं तो म्हणाला. खांबांच्या दालनात न्यायाधीश बसतील, गोल दालनात पंच बसतील. त्याने हा दोष म्हणून सांगितला. मला मात्र वाटतं की केडलस्टनबद्दल इतकं अचूक दुसरं कोणी बोललं नाही. राहण्यासाठी म्हणून बांधलेल्या घराच्या आत एक कचेरी दडलेली आहे, हे त्याने ओळखलं. पंचवीस वर्षांत त्याचं म्हणणं खरं होणार होतं.

खर्च वाढत गेला आणि दक्षिणेच्या दोन इमारती कागदावरच राहिल्या. स्वयंपाकघर मात्र ठरल्याप्रमाणे वायव्येला झालं. तिथून भोजनाच्या खोलीपर्यंत जेवण त्या वळणदार मार्गाने यायचं. वास आणि आवाज पाहुण्यांपर्यंत पोचत नसे, पण अन्नाची ऊबही वाटेत बरीच जात असणार.

केडलस्टन हिंदुस्तानच्या पैशावर बांधलेलं घर नाही. ते जमिनीच्या खंडावर उभं राहिलं. त्या काळातल्या बऱ्याच घरांबद्दल असं म्हणता येत नाही. बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क फ्रान्सिस साइक्सने बंगालमध्ये मिळवलेल्या संपत्तीवर बांधलं. वॉरन हेस्टिंग्जने डेल्सफर्डची वडिलोपार्जित जहागीर परत घेऊन तिथे घर उभारलं. सेझिनकोटला तर कॉकरेल बंधूंनी चक्क मोगली घुमट चढवला. आणि एक घर आपल्या फार जवळचं आहे. विल्टशायरमधलं विल्बरी हाउस. जॉर्जियन काळाच्या उंबरठ्यावर, 1710 च्या सुमारास, विल्यम बेन्सनने ते बांधलं. पॅलाडिओची वाट इंग्लंडमध्ये पुन्हा धरणाऱ्या अगदी पहिल्या घरांत ते मोडतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते सर चार्ल्स मॅलेट यांनी घेतलं. हे मॅलेट पुण्यातले ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा जेम्स वेल्स त्यांच्याच आश्रयाने पुण्यात आला. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली ती याच वर्तुळात. वेल्सची मुलगी सुझाना पुढे मॅलेटची पत्नी झाली. म्हणजे पेशव्यांच्या दरबारात बसलेला माणूस म्हातारपणी इंग्लंडमधल्या पॅलाडियन घरात राहायला गेला. पुण्याच्या इतिहासातलं एक पान असं विल्टशायरच्या एका दिवाणखान्यात जाऊन पडलं, आणि आपल्याकडे त्याचा उल्लेखही क्वचित होतो.

पण ही घरं म्हणजे माणसांचा आणि पैशांचा प्रवास. केडलस्टनची गोष्ट उलट्या दिशेची आहे. तिथून आराखडाच निघाला.

1798 मध्ये रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. पुढच्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. वेलस्लीला कलकत्त्यातलं राहतं ठिकाण अपुरं वाटलं. जुनं गव्हर्नमेंट हाउस आणि कौन्सिलची इमारत पाडून त्याने 1799 मध्ये नवं घर काढलं. त्यासाठी चार्ल्स वायटचा आराखडा निवडला गेला. हा बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी, केडलस्टनवर राबलेल्या सॅम्युअल वायटच्या घराण्यातलाच. केडलस्टनचा आराखडा छापील पुस्तकांत होताच. पेननेही आपला मूळ आराखडा प्रसिद्ध केला होता. मधली इमारत, चार वळणदार मार्ग, चार कोपऱ्यांच्या इमारती, सगळं चार्ल्स वायटने घेतलं. आणि इथे चारही बांधल्या गेल्या. डर्बीशायरमध्ये या रचनेची गरज शोभेची होती. कलकत्त्याच्या उकाड्यात तिला खरा उपयोग सापडला. प्रत्येक इमारत सुटी असल्याने वारा सगळ्या बाजूंनी खेळतो, आणि दक्षिणेकडून संध्याकाळी येणारी झुळूक कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पोचते. दगडाऐवजी विटा आणि चुना आला. कॉरिंथियन खांबांच्या जागी साधे आयोनिक आले. बाहेरच्या फाटकांच्या कमानीही अ‍ॅडमच्याच सायन हाउसच्या कमानीवरून बेतल्या. स्वयंपाकघर तर केडलस्टनपेक्षाही दूर गेलं. ते आवाराबाहेर होतं, आणि जेवण रस्त्यावरून वाहून आणलं जाई. ही तक्रार पुढची शंभर वर्षं चालली.

लंडनमधल्या कंपनीच्या डायरेक्टरांना हा खर्च बिलकूल रुचला नाही. त्याच सुमारास कलकत्त्याला आलेल्या लॉर्ड व्हॅलेन्शिया या प्रवाशाने मात्र वेलस्लीचं समर्थन केलं. हिंदुस्तानचा कारभार राजवाड्यातून व्हावा, व्यापाऱ्याच्या पेढीवरून नव्हे, असा त्याचा मुद्दा होता. मित्रांना दाखवण्याचं घर आता प्रजेला दाखवण्याचं झालं. आराखड्यात बदललं ते थोडंच. पण कर्झनच्या दालनात पाहुणा येऊन वाहवा करायचा, आणि इथे येणारा माणूस आपली जागा ओळखून परत जाणार होता.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला आणि दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. 26 जानेवारी 1803 ला कलकत्त्याच्या या नव्या घरात वेलस्लीने मोठी मेजवानी दिली. निमित्त होतं युरोपातल्या तहाचं. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, सप्टेंबरात असईची लढाई, नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. वर्ष संपता संपता देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. दख्खनमध्ये फौज चालवणारा आर्थर वेलस्ली हा गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. आपल्याकडे असई शिकवताना कैलना नदीचा उतार, तोफा, पलटणी यांवर भरपूर बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या मनाने ती मोहीम आखली, त्याच मनाने त्याच महिन्यांत एक घरही पुरं केलं होतं. दोन्हींमधला विचार एकच होता: कंपनी आता व्यापारी राहिलेली नाही. 1805 मध्ये वेलस्लीला परत बोलावलं गेलं. घर उभं राहिलं आणि त्यामागचा विचारही टिकला.

त्यानंतर चौपन्न वर्षांनी, 11 जानेवारी 1859 ला, केडलस्टनमध्ये एक मुलगा जन्माला आला. जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन. चाळिसाव्या वर्षी तो हिंदुस्तानचा व्हाइसरॉय झाला, आणि बापाच्या घराच्या आराखड्यावर बांधलेल्या घरात राहायला आला. इतिहासात असे योग फार नसतात. त्याने त्या घरात वीज आणली, लिफ्ट बसवली, आणि त्या घराचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, जो 1925 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. जुन्या वास्तूंबद्दल त्याला खरी माया होती. 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच्याच काळातला. लिंकनशायरमधला टॅटरशॉल किल्ला मोडीत निघाला तेव्हा त्याने 1911 मध्ये तो विकत घेऊन वाचवला. तिथल्या कोरीव शेगड्या विकल्या जाऊन परदेशी निघाल्या होत्या, त्याही त्याने परत आणवल्या. वास्तूंच्या बाबतीत मी त्याचा ऋणी आहे, हे मी सरळ सांगतो. आणि ज्या माणसाने बंगालची फाळणी केली तो हाच, हेही तितकंच सरळ सांगतो. दगड जपणारा माणूस लोकांचं ऐकतोच असं नाही.

केडलस्टन 1987 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तळमजल्यावर कर्झनने पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथेच लेडी कर्झनचा मयूरपोशाख आहे, 1903 च्या दिल्ली दरबारात तिने घातलेला. पॅरिसच्या वर्थने तो शिवला, पण त्याआधी त्याच्या कापडावर सोन्याचांदीच्या तारांची जरदोजी दिल्लीच्या कारागिरांनी केली. मोरपिसाच्या प्रत्येक डोळ्यात हिरव्या भुंगेऱ्याचं पंखकवच टाचलेलं आहे. वर रॉबर्ट अ‍ॅडमचा हॉल आणि खाली हा पोशाख. हातांच्या कसबाचा विचार केला तर मला दोन्ही एकाच तोलाचे वाटतात. वरच्या मजल्यावर वास्तुकाराचं नाव सगळ्यांना माहीत असतं. खाली सुई धरणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

कलकत्त्याच्या घरातली एक दुपार सांगायची राहिली आहे. त्या काळी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलच्या सभा गव्हर्नमेंट हाउसमध्येच भरत. 26 मार्च 1902 ला तिथे अंदाजपत्रकावर चर्चा होती. अध्यक्षस्थानी केडलस्टनचा कर्झन. सभासदांमध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवून आलेले, पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले. हे त्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण. सरकारजवळ वर्षानुवर्षं शिल्लक पडत होती, आणि सरकार ती आबादीची खूण म्हणून दाखवत होतं. गोखल्यांनी आकड्यांवरून मांडलं की दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर आहे. रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवल्याने तो बोजा आणखी वाढला आहे. मिठावरचा कर कमी करा, कापडावरचा उत्पादन कर उठवा, शिक्षणावर खर्च करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कौन्सिलमध्ये सरकारी बहुमत पक्कं होतं, अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार सभासदांना नव्हता. बोलण्याचा होता. त्यांनी तो पुरेपूर वापरला, आणि पुढची वर्षं दर मार्चमध्ये वापरत राहिले. कर्झनने त्यांची योग्यता ओळखली. गोखल्यांनीही 1905 च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून कर्झनच्या कारकिर्दीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली.

डॉ. जॉन्सनने केडलस्टनच्या दालनांत न्यायाधीश आणि पंच बसवून पाहिले होते. कलकत्त्याच्या घरात खरोखर निवाडे होऊ लागले तेव्हा तिथे पंचांना स्थान नव्हतं, निवाडा एकाच बाजूने व्हायचा. तरी ज्या घराचा आराखडा पाहणाऱ्याने नमावं म्हणून निवडला होता, त्या घरात बसून एक मराठी शिक्षक मिठाच्या मणाचा हिशेब मांडत होता, आणि घराच्या मालकाला तो ऐकावा लागत होता. 1903 मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. 1905 मध्ये दीड रुपयावर.